वाहिनीचा मालक पडद्यावर दिसू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे बारीक टायपात रोज असतात. मार्च उजाडला की वर्तमानपत्रांतून फॉर्म 4 चे निवेदनही वर्षानुवर्षे छापून येत आले आहे: मालक कोण, एक टक्क्याहून जास्त भांडवल कुणाकुणाचे. ते वाचणारे थोडेच, पण ज्याला पाहायचे त्याच्या हाताशी असते. मराठी वाहिन्यांच्या बाबतीत प्रेक्षकाला अशी सोय नाही.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले तेव्हा हा प्रश्नच नव्हता. मालक सरकार, आणि ते बातम्यांवरून लगेच ओळखूही यायचे! खासगी वाहिन्या आल्या आणि गुंता वाढला. ईटीव्ही मराठीचेच पाहा. जुलै 2000 मध्ये रामोजी राव यांच्या समूहाने ती सुरू केली. निवेदक हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून मराठी बातम्या द्यायचे, पण त्यांत जिल्ह्याजिल्ह्यातली पाणीटंचाई आणि ऊसदराची आंदोलने असायची. मालक तेलुगू असूनही वाहिनी आमच्याकडे घरची वाटली ती यामुळेच.

पुढे जानेवारी 2012 मध्ये विक्रीचा सौदा जाहीर झाला आणि दोन वर्षांनी पुरा झाला. टीव्ही18 या माध्यम कंपनीने ईटीव्हीच्या प्रादेशिक बातम्यांच्या वाहिन्या पूर्णपणे घेतल्या, मराठीसह पाच भाषांतल्या मनोरंजन वाहिन्यांचा निम्मा हिस्सा घेतला. तेलुगू वाहिन्यांचा मात्र 24.5 टक्केच. घरच्या भाषेवरचा ताबा रामोजींनी सोडला नाही, यात त्यांचा शहाणपणाच दिसतो. 2014 मध्येच टीव्ही18 ची पालक कंपनी नेटवर्क18 रिलायन्सकडे गेली. एवढे सगळे घडले तरी पडद्यावर नाव ईटीव्हीच होते. मार्च 2015 मध्ये त्याचे कलर्स मराठी झाले, तेव्हा अनेकांना वाटले की वाहिनी आत्ताच विकली गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये कलर्स चालवणारी वायाकॉम18 आणि स्टार प्रवाह चालवणारी स्टार इंडिया यांचे विलीनीकरण झाले आणि कालपर्यंत जिच्याशी चुरस होती ती स्टार प्रवाह कलर्स मराठीच्याच घरात आली. रात्री आठला रिमोट इकडून तिकडे फिरवणाऱ्याला याचा पत्ता नसतो.

स्टार माझाची गोष्ट नेमकी उलटी. 2007 मध्ये ती सुरू झाली तेव्हा परदेशी गुंतवणुकीला बातम्यांच्या वाहिन्यांत 26 टक्क्यांची मर्यादा होती. म्हणून चालवणाऱ्या कंपनीत स्टारचा वाटा 26 टक्के आणि कोलकात्याच्या आनंदबाजार पत्रिका समूहाचा 74 टक्के. पाटीवर नाव लागले ते धाकट्या भागीदाराचे. 2012 मध्ये स्टारने अंग काढून घेतले, वाहिनी एबीपी माझा झाली आणि लोक म्हणाले, मालक बदलला. मोठा मालक पहिल्यापासून तोच होता.

मालक बदलणे हा काही गुन्हा नव्हे. धंद्यात घेणे-विकणे चालायचेच. पण ज्या उद्योगाबद्दल वाहिनी बातमी देते, किंवा देत नाही, तो तिच्या मालकाचाच आहे का, हे प्रेक्षकाला ठाऊक असायला हवे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या सरकारी नियामकाने, ऑगस्ट 2014 मध्ये माध्यमांच्या मालकीबद्दल सविस्तर शिफारशी केल्या. मालकीची माहिती उघड करण्याचा मुद्दा त्यांत होता. दहा वर्षे उलटून गेली, आमच्या पडद्यावर काही उमटलेले नाही. मालिकेत कुणी सिगारेट ओढली की खाली इशाऱ्याची पट्टी येते. दिवसातून दोन वेळा दहा सेकंद मालकाच्या नावाची पट्टी दाखवणे काय अवघड आहे?

सरकार हे कधी करील ते करो. तोवर आपण टीव्ही कार्यक्रमांच्या रकान्यात प्रत्येक वाहिनीच्या नावापुढे कंसात तिच्या मालक समूहाचे नाव छापावे, ही विनंती. आपल्या समूहाचा एखाद्या वाहिनीत हिस्सा असल्यास सुरुवात तिथूनच करावी.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज