डिमीटरची बाजूही वाचली जावी

महोदय,

नाशिकमधील एका लहान सार्वजनिक वाचनालयाचे काम मी गेली अनेक वर्षे पाहते. अलीकडे महाविद्यालयीन मुली ज्या इंग्रजी कादंबऱ्यांसाठी आधीपासून नाव नोंदवून ठेवतात, त्यांत ग्रीक पुराणकथा नव्याने सांगणाऱ्या ‘डार्क रोमान्स’ (म्हणजे धोका, सत्ता आणि उघड शृंगार यांभोवती फिरणाऱ्या प्रेमकथा) कादंबऱ्यांची संख्या बरीच आहे. गेल्या महिन्यात एक गृहस्थ अशीच एक कादंबरी माझ्या टेबलावर ठेवून, ‘‘असली पुस्तके मुलींच्या हातात देता तरी कशी?’’ असे विचारून निघून गेले. त्या क्षणी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर मी ते पुस्तक घरी नेऊन पूर्ण वाचले, त्यामागची मूळ कथाही वाचली, आणि आता जे सांगावेसे वाटते ते आपल्या वाचकांसमोर मांडते आहे.

ते पुस्तक म्हणजे केटी रॉबर्ट यांची २०२१ साली आलेली ‘निऑन गॉड्स’ ही कादंबरी. आधीच्या कुणा वाचक मुलीने तिच्या पानांना रंगीत चिकटपट्ट्या लावून ठेवल्या होत्या. प्रणयाच्या प्रसंगांवर त्या होत्याच, पण तितक्याच पट्ट्या सत्तेच्या वाटाघाटींच्या पानांवरही होत्या. या कादंबरीतले ऑलिंपस हे आजच्या काळातले एक शहर आहे आणि ‘तेरा जण’ म्हणून ओळखले जाणारे सत्ताधारी ते चालवतात. झ्यूस (ग्रीक पुराणातला देवांचा राजा), पॉसिडॉन (समुद्राचा देव), हेडीस (पाताळाचा देव), डिमीटर (धान्याची देवी) ही तिथे व्यक्तींची जन्मनावे नसून पदे आहेत. काही पदे वारशाने मिळतात, काही इतर मार्गांनी मिळवावी लागतात. डिमीटरपदावर असलेली आई आपल्या मुलीचे, पर्सेफनीचे, लग्न झ्यूसशी ठरवते आणि भर समारंभात ते जाहीर होते. या झ्यूसच्या आधीच्या पत्नींच्या मृत्यूंविषयी शहरात दबक्या आवाजात बोलले जाते. पर्सेफनी त्या रात्रीच पळ काढते आणि स्टिक्स नदी ओलांडून हेडीसच्या हद्दीत पोहोचते. पुढे त्या दोघांत जे घडते ते शृंगारिक आहे, उघड आहे आणि केवळ प्रौढांसाठी आहे, यात शंका नाही. तरीही प्रत्येक पावलावर तिची संमती विचारली जाते, ती शब्दांत मांडली जाते आणि नकाराची मुभा तिच्याकडेच राहते, हेही तितकेच खरे आहे. त्या गृहस्थांना मी हे तेव्हाच सांगायला हवे होते.

मात्र माझा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो समजण्यासाठी मूळ कथेकडे जावे लागते. पर्सेफनीची सर्वांत जुनी सविस्तर कथा ‘डिमीटरचे स्तोत्र’ या सुमारे पाचशे ओळींच्या ग्रीक काव्यात आहे. अभ्यासक ते इसवी सनापूर्वीच्या सातव्या-सहाव्या शतकातले मानतात. त्याचे एकमेव हस्तलिखित १७७७ साली मॉस्कोत सापडले; ते सापडले नसते तर ही कथा या रूपात आपल्यापर्यंत पोहोचलीच नसती. कुरणात फुले वेचणारी मुलगी नार्सिससच्या एका विलक्षण फुलाकडे हात नेते, जमीन दुभंगते, हेडीस रथातून वर येतो आणि तिला उचलून पाताळात नेतो. ती आपल्या पित्याला, झ्यूसला, हाका मारत राहते. झ्यूस त्या वेळी दूर आपल्या मंदिरात भाविकांचे नैवेद्य स्वीकारत बसलेला असतो, आणि हे हरण त्याच्याच संमतीने घडलेले असते. मुलीला विचारलेले नाही, तिच्या आईला, डिमीटरला, कळवलेलेही नाही. झ्यूस आणि हेडीस या दोन भावांनी परस्पर व्यवहार उरकला आहे. राजकारण या कथेत आजच्या लेखकांनी आणलेले नाही, ते पहिल्यापासून तिच्या गाभ्यात आहे.

त्यानंतर डिमीटर हाती मशाली घेऊन, अन्नपाणी आणि स्नान वर्ज्य करून नऊ दिवस पृथ्वीवर भटकते. अखेर सूर्य, म्हणजे हेलिओस, तिला खरे काय ते सांगतो आणि वर समजूतही घालतो की, झ्यूसचा सख्खा भाऊ असलेला, सृष्टीच्या एक तृतीयांश हिश्श्याचा मालक असलेला हेडीस जावई म्हणून काही अयोग्य नाही. हे वाचताना मी थांबले. ‘स्थळ चांगले आहे, आता काय रडायचे’ असे म्हणणारा वडीलधारा माणूस कोणत्या मराठी घराने पाहिलेला नाही?

डिमीटर मात्र समजूत घालून घेत नाही. ती अथेन्सजवळच्या एल्युसिस येथे आपल्यासाठी मंदिर उभारून घेते, त्यात एकटी बसून राहते आणि धान्य उगवणे थांबवते. बैल नांगर ओढत राहतात, पेरलेले बी जमिनीतच राहते. माणसे मरू लागली तर देवांना नैवेद्य कोण देणार, ही गोष्ट झ्यूसला तेव्हा कुठे कळते. तो आधी देवांची दूती आयरिस हिला, मग एकामागून एक सगळ्या देवांना भेटवस्तू देऊन तिच्याकडे पाठवतो, आणि ती प्रत्येकाला परत पाठवते. मुलगी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पीक नाही, एवढेच तिचे म्हणणे असते. एका आईने पुकारलेला हा संप आहे आणि त्यापुढे देवांच्या राजाला नमावे लागते. डाळिंबाचा दाणा येतो तो यानंतर. निवेदनात हेडीस तो दाणा चोरून भरवतो. पर्सेफनी आईला सांगताना म्हणते की, त्याने बळजबरीने खायला लावले. परिणामी वर्षाचा एक तृतीयांश काळ सासरी आणि दोन तृतीयांश आईजवळ, असा तोडगा निघतो. (आमच्या जिल्ह्यात बागलाण-मालेगावकडे डाळिंबाच्या बागा आहेत, तिकडच्या एका मुलीने हा भाग ऐकला आणि ‘‘म्हणजे माहेरपणाचे महिने जास्त’’ असे पटकन म्हणाली.)

आता आजच्या कादंबऱ्यांकडे पाहावे. हेडीसवर त्यांनी भरपूर मेहनत घेतली आहे. तो जखमी आहे, संयमी आहे, आपल्या माणसांची काळजी घेणारा आहे. पर्सेफनीला त्यांनी स्वतःची इच्छा दिली, हे मोठे काम आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. परंतु या सगळ्यात डिमीटरचे काय झाले? ‘निऑन गॉड्स’मध्ये ती मुलीचा सौदा करणारी महत्त्वाकांक्षी बाई होते. स्कार्लेट सेंट क्लेअर यांच्या २०१९ सालच्या ‘अ टच ऑफ डार्कनेस’मध्ये ती मुलीला काचेच्या हरितगृहात वाढवणारी, तिला श्वास घेऊ न देणारी आई आहे. मूळ कथेत मुलीचा व्यवहार बापाने केला होता; एका कादंबरीत तो दोष उचलून आईच्या माथी मारला गेला आणि दुसरीत तिची मायाच तुरुंग ठरली. राजकीय डावपेचांची एवढी आवड असलेल्या लेखनप्रकाराने त्या कथेतली सर्वांत मोठी राजकीय कृती, म्हणजे धान्य रोखून धरणे, मध्यभागातून काढून टाकावी, याचे मला वाईट वाटते.

पुराणकथा वळवून घेण्याला माझा विरोध नाही. १९०७ साली रंगभूमीवर आलेले खाडिलकरांचे ‘कीचकवध’ प्रेक्षकांनी द्रौपदीत देश आणि कीचकात लॉर्ड कर्झन पाहत डोक्यावर घेतले, आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. मूळ कथेतली वेदना खाडिलकरांनी आणखी धारदार केली होती. नव्याने सांगणाऱ्याकडून मला तेवढीच अपेक्षा आहे.

या कादंबऱ्या कपाटातून काढून टाकाव्यात, असे मला वाटत नाही. वाचनालयापुरते बोलायचे तर त्या आम्ही आता अठरा वर्षांवरील सभासदांनाच देतो. शिवाय पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी ठेवण्याचा जो कागदी खिसा असतो, त्यात मी स्तोत्राचा दोन पानी मराठी सारांश हाताने लिहून ठेवला आहे. आतापर्यंत चार मुलींनी तो वाचून मूळ काव्य मागितले आणि मला त्यांना इंग्रजी भाषांतर द्यावे लागले. म्हणून आपल्याला एक विनंती आहे. ग्रीक जाणणाऱ्या एखाद्या मराठी अभ्यासकाकडून या स्तोत्राचा थेट अनुवाद करून घेऊन तो आपण रविवारच्या पुरवणीत क्रमशः छापावा. तो छापून येताच त्याची कात्रणे त्या खिशांत ठेवण्याचे काम मी करीन.

आपली,
एक ग्रंथपाल, नाशिक