दिवा आडवा करणाऱ्या आजोबांना

आजोबा,

तुम्हाला मराठी येत नाही, तेव्हा हे पत्र तुम्ही वाचाल अशी आशा नाही. पण तुमच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून निघताना नुसतं 'थँक यू' म्हणालो, ते अजून टोचतंय.

सोळाव्या शतकातल्या फ्रेंच लेखक मॉन्तेनच्या निबंधांचे ते तीन खंड मला फक्त बघायचे होते. तुमच्याआधी बॉस्टनमधली दोन दुकानं झाली होती. एकाने माझे बूट न्याहाळले आणि "घेणार आहात का?" विचारलं. दुसऱ्याने काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं, किल्ली काही काढली नाही. अवघे 265 संच छापलेले. ते मला झेपणारे नाहीत हे मलाही कळतं की! जगातल्या सगळ्यात उंच सिंहासनावर चढलं तरी माणूस बसतो आपल्याच ढुंगणावर, असं मॉन्तेन शेवटच्या निबंधात लिहून गेलाय. त्याची पुस्तकं विकणाऱ्यांनी तेवढं पान तरी वाचावं.

घेणार नाही, हे तुम्हालाही मी दारातच सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हात धुऊन या."

माझे बाबा कोल्हापुरात कंपॉझिटर होते. खिळे जुळवण्यात जन्म गेला. पुस्तकांची मांडणी करणाऱ्या ब्रूस रॉजर्सने या एका पुस्तकासाठी नवा टाइप घडवला, त्याला 'मॉन्तेन' हेच नाव दिलं आणि 1902 ते 1904 मध्ये इथेच, चार्ल्स नदीपलीकडच्या रिव्हरसाइड प्रेसमध्ये ते छापलं, हे वाचल्यापासून मला चैन नव्हती.

पहिल्या खंडातला मैत्रीवरचा निबंध काढला आणि सवयीने पानाच्या मागून बोट फिरवलं. ठसा कसा उठलाय ते बाबा असंच बघायचे. तुम्ही ते पाहिलंत. एक अक्षर न बोलता टेबलावरचा दिवा आडवा केलात. उजेड कागदावरून सरपटत गेला आणि एकेक अक्षर कागदात रुतलेलं दिसलं. मग तुम्ही आत निघून गेलात, मला एकट्याला सोडून. किती वेळ बसलो कुणास ठाऊक.

असं का केलंत, हे विचारायचं राहिलं. आपला मित्र ला बोएसी याच्यावर एवढा जीव का, याचं उत्तर मॉन्तेनने स्वतःच्या छापील प्रतीच्या समासात लिहिलं: कारण तो तो होता. पुढचं 'कारण मी मी होतो' नंतर, वेगळ्या शाईत. तुमच्याबाबतीत मी पहिल्या अर्ध्यावरच थांबतो.

आणि हो, निघताना दिवा सरळ करायला विसरलो. तेवढी माफी असावी.