ब्लेझरची सक्ती कशाला? आधी खांदा बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॉलेजांत नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या की पुण्यातल्या अल्टरेशनच्या दुकानांत आदल्या संध्याकाळी मुलामुलींची रीघ लागते. ‘ब्लेझर सक्तीचा’ ही सूचना दोन दिवस आधी लागलेली असते, मिळेल तो काळा सूट घेतलेला असतो आणि कोटाचा खांदा दोन बोटे खाली उतरलेला असतो. सकाळी नऊच्या आत तो बसवून द्या म्हटले, तर कोणताही कारागीर हातच जोडेल. कोटाचा खांदा कमी करायचा म्हणजे अस्तर सोडायचे, बाही उसवायची, पॅड काढायचे, मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) नव्याने कापायचा आणि बाही परत चढवायची. स्वस्त कोटाला ही मजुरी परवडत नाही. तेवढ्याच पैशांत नेमक्या मापाचे दोन शर्ट आणि एक चांगली पँट होते, आणि नोकरी लागल्यावर रोज तेच अंगावर घालायचे असते.

तयार कपडे घेताना बहुतेकजण पोट आणि लांबी बघतात. आमचे सांगणे आहे, आधी खांदा बघा. खांद्याचे हाड जिथे संपते, शिवण बरोबर तिथे यायला हवी. कोट घालून भिंतीला बाजूने टेकून उभे राहा. दंडाच्या आधी कोटाचे पॅड भिंतीला लागले तर कोट मोठा आहे, तो ठेवून द्या. मग शर्टाचे वरचे बटण लावून कॉलरमध्ये दोन बोटे जातात का ते पाहा. कंबर, बाजू, बाहीची आणि पँटची लांबी हे सगळे नंतर सुधारता येते. फक्त पँट दुकानातच उलटी करून मागची शिवण बघून घ्या. दाब (शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड) इंचभर असेल तर पुढे वजन वाढल्यावर कंबर दीड इंच सोडता येते. ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घालतात ती शिलाई) मारून दाब अर्ध्या इंचाच्या आत कापलेला असेल तर काहीच करता येत नाही. कोटाच्या बाहीचेही तसेच. तिथली काजे खरोखर कापलेली असतील तर खालून लांबी कमी होत नाही, वर मुंढ्यापासून बाही काढावी लागते. हात खाली सोडल्यावर कोटाबाहेर शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा.

नव्या कोटाच्या मागच्या फटीवर दोऱ्याची फुली मारलेली असते आणि बाहीवर कंपनीचा कापडी बिल्ला असतो. दुकानापर्यंत येताना फट उलगडून चुरगळू नये एवढ्यासाठीच ती फुली असते, आणि तशीच ठेवून मुलाखतीला जाणारे पुष्कळ आहेत. बारीक कात्रीच्या टोकाने दोरा उचलून कापावा, ओढू नये. ओढला की कापडाचा धागाही बरोबर येतो. खालचे खिसे टाके घालून बंद असतात, ते तसेच ठेवले तरी हरकत नाही. उघडून त्यांत मोबाइल आणि किल्ल्या टाकल्या की कोट एका बाजूला लोंबतो. कोटाचे सर्वांत खालचे बटण लावू नये. टायचे टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत यावे, त्याहून जास्त टायवर डोके शिणवण्यात अर्थ नाही.

आता कापड. एप्रिल-मेच्या उन्हात कोथरूडहून हिंजवडीला दुचाकीवर जाणाऱ्याने अंगाला पॉलिएस्टरचा शर्ट लावू नये. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मग घाम अंगावरच राहतो आणि वास येतो. पँटचे उलटे आहे. शुद्ध सुती पँट सीटवर बसून चुरगळते आणि गुडघ्यांना पोक येतो. तिला पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे मिश्रण बरे. ते उलट्या बाजूने किंवा वर ओलसर सुती फडके ठेवून इस्त्री करावे, नाहीतर काळ्या-निळ्या रंगावर चकाकी चढते आणि ती परत जात नाही. कॉलरवर फुगे येतात तेही बहुधा उष्णतेने किंवा हलक्या प्रतीच्या फ्यूजिंगने; फ्यूजिंग म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत चिकटवलेला थर, तो कापडापासून सुटलेला असतो. त्यावर इलाज नाही, कॉलरच बदलावी लागते.

लक्ष्मी रस्त्यावर कापड घ्यायला जाल तेव्हा आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी विचारा. पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचे सव्वादोन मीटर लागते, ५८ इंचाचे साधारण १.६ मीटर. पँटला ५८ इंचाचे १.२ मीटर पुरते, उंच माणसाला थोडे जास्त. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. ३ टक्के आटले तरी २४ इंचांची बाही पाऊण इंच कमी होते, आणि पहिल्या धुण्यानंतर बोल शिंप्याला लागतो.

मुलींसाठी खांद्याच्या नियमाला एक अपवाद आहे. शर्टाला छातीवर आडव्या चुण्या पडत असतील तर तो खरोखर घट्ट आहे. अशा वेळी छातीच्या मापाचा घ्यावा आणि खांदा, कंबर आत घ्यावी. शर्टाचा खांदा कोटासारखा अवघड नसतो. चुण्या नाहीत, तरीही दोन बटणांमध्ये फट पडते, तर बटणांची जागा चुकली आहे. तिथे पट्टीच्या आतून एक टिचबटण लावले की काम होते. आणि शर्ट-पँट म्हणजेच फॉर्मल, हा हट्ट कॉलेजांनी सोडावा. खळ दिलेली सुती साडी किंवा मापात शिवलेला सलवार-कुर्ता यात काय उणे आहे? साडीचा फॉल मात्र आधी भिजवून घ्यावा. तो नंतर आटला तर सगळा काठ खालून गोळा होतो. खांद्याच्या पिनेत एक मणी ओवला की पदराचे धागे तिच्या वेटोळ्यात अडकत नाहीत. दुचाकीवर पदर आणि ओढणी खोचूनच बसावे, चाकात गेली तर जिवावर बेतते.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत मुलाखत असेल आणि शॉपफ्लोअर दाखवणार असतील तर टाय आणि सैल बाह्या नकोतच. चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर असावेत, असे १९४८च्या कारखाना कायद्यातही म्हटले होते.

पावसाळ्यात चामडी बूट पिशवीत न्यावेत आणि ऑफिसात बदलावेत. भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवावेत. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवले की चामडे तडकते. एकच जोड रोज घालू नये, आतला घाम सुकायला पूर्ण दिवस लागतो.

कॉलेजांच्या प्लेसमेंट विभागांना आमची विनंती आहे. कंपनीने मागितला नसेल तर ब्लेझर सक्तीचा करू नका. पोशाखाची सूचना किमान पंधरा दिवस आधी लावा. कोटाच्या बाहीचे काम नीट करायला तीन दिवस लागतात आणि मुलाखतींच्या हंगामात आठवडाही जातो.

आपले,
शिवणकाम व अल्टरेशन करणारे काही कारागीर,
पुणे