सिडकोतल्या आमच्या मेडिकलवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

दुकानाचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. ओळखायचे ते ओळखतील.

माझ्या मुलीला शाळेत असल्यापासून फिट येतात. न्यूरोलॉजिस्टकडे आम्ही काही महिन्यांनी जातो, तुमच्याकडे दर महिन्याला. फिटची चिठ्ठी, दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी, तापाची चिठ्ठी, सगळ्या येऊन पडतात तुमच्याच काउंटरवर. त्या एकमेकींशी जमतात का, हे बघणारे तुम्ही एकटेच.

तिला जुलाब लागले तेव्हा आमचे हे ओफ्लॉक्सॅसिनचं पाकीट मागायला आले होते. तुम्ही आधी विचारलंत, कोणासाठी? मुलीसाठी म्हटल्यावर दिलं नाहीत. या जातीच्या अँटिबायोटिकने फिट यायचा धोका वाढू शकतो, डॉक्टरांना फोन करा म्हणालात आणि तोवर ओआरएस दिलंत. हे घरी येऊन चिडले, पलीकडचा मेडिकलवाला काही न विचारता देतो म्हणे. देतो ना, म्हणून तर तिकडे जात नाही!

एकदा नेहमीच्या कंपनीची गोळी स्टॉकिस्टकडेच नव्हती. औषध तेच, कंपनी दुसरी, असं पाकीट हातावर ठेवून मोकळं होता आलं असतं. फिट काबूत असताना कंपनी उगाच बदलायची नाही, म्हणून तुम्ही ओळखीच्या दुकानातून तेच मागवून दिलंत.

पण खरे आभार लग्न ठरलं तेव्हाचे. मी पेढे घेऊन आले, तुम्ही पेढा घेतलात आणि हळूच विचारलंत, ‘ताई, गोळी अजून सोडियम व्हॅल्प्रोएटचीच ना?’ त्या औषधाने पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं, दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोला, पण तोवर स्वतःहून एकही गोळी चुकवू नका, एकदम बंद केलं तर फिट उसळते, हे सगळं तुम्ही गिऱ्हाईक थांबवून सांगितलंत. डॉक्टरांनी मग तिला हळूहळू लेव्हेटिरासिटाम या फिटच्या दुसऱ्या गोळीवर आणलं, फॉलिक अ‍ॅसिडही सुरू केलं.

मुलाकडे काही बोलू नका, असं आमच्या मावश्या सांगत होत्या. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच अपस्मार, म्हणजे हाच फिटचा आजार, ही लग्नाची आडकाठी होती, मावश्यांना काय बोलायचं! आम्ही सांगितलंच. जावईबापू स्वतः तुमच्याकडे येऊन शिकून गेले: कुशीवर वळवायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. ५ मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलमचा नाकातला स्प्रे मारायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा.

ती आता पुण्याला जाईल. औषधांची मूळ नावं, डोस आणि कोणती औषधं विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत, अशी यादी तुम्ही टाइप करून दिलीत. एक प्रत तिच्या पर्समध्ये आहे, एक जावयांच्या मोबाइलमध्ये. तिकडच्या मेडिकलमध्ये पहिल्याच दिवशी दाखवायला सांगितली आहे.

तुमची,
फिटच्या गोळ्यावाल्या ताई