हिशेब चोख आहे, पण...

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हिशेब पाहिला. आठ जुने माग मोडीत घालायचे, दोन रेपियर, म्हणजे नवे वेगवान माग बसवायचे, कर्ज सात वर्षांत फेडायचं. आकडे चोख आहेत. तुझी आई म्हणाली, 'शिकलेलं वाया नाही गेलं.'

बदलायला मी घाबरतो असं समजू नकोस. तुझे पणजोबा सोलापूरच्या जुन्या मिलच्या भोंग्यावर उठायचे. 1877 ची ती गिरणी. पुढे तीही थांबली आणि आपण घरात माग टाकले. मी चादरीवरून टॉवेलवर आलो, तेही हौसेनं नाही. पानिपतच्या पॉलिस्टरच्या स्वस्त, मऊ चादरी बाजारात आल्या. त्याही 'सोलापुरी' म्हणून खपायच्या. आपल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण फुटपाथवर घासाघीस करणारं गिऱ्हाईक मानांकन बघत नाही रे.

टॉवेलला दोन बिम लागतात, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले दोन रूळ. एक ताणून धरायचा, दुसरा सैल सोडायचा, तेव्हा त्या सैल धाग्याचे लूप उठतात. हे हाताला बसायला आम्हाला तीन महिने लागले. तोवरचा माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम म्हणून गेला. तुझ्या हिशेबात असे तीन महिने कुठे आहेत?

आणि आणखी एक. चादरीवर नक्षी विणणाऱ्या जॅकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पाडणारा एक कारागीर कन्ना चौकाकडून यायचा. नक्षीतलं एकेक भोक तो मोजून पाडायचा. आपण साध्या टॉवेलवर गेलो, इतरही गेले, त्याचं काम सुटलं. आता तो रात्रपाळीचा वॉचमन आहे. परवा भेटला तर विचारतो, 'मालक, मोराची कार्डं टाकली का?' माळ्यावर आहेत, म्हटलं. तो हसला. मला घरापर्यंत काही बोलवेना.

आपल्याकडे चार कामगार, प्रत्येकाकडे दोन माग. दोन रेपियरला एका पाळीत एक माणूस पुरे, असं तूच लिहिलंयस. दोन पाळ्या धरल्या तरी दोघं उरतात. त्यातले मामा तुला खांद्यावर घेऊन गड्ड्याच्या जत्रेला न्यायचे.

मशीनवाल्याला विचार, शिकवायला माणूस किती दिवस देतो. पन्नाशीच्या माणसाला जमेल का, तेही विचार. संक्रांतीला येशील तेव्हा मामांशी तूच बोल. मी तोवर बँकेत जाऊन येतो.

तुझे,
बाबा