आप्पा, तुम्ही रजिस्टर दाखवलं नाही

ग्रंथपाल आप्पांना स. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले असते तर 'जाऊ द्या हो ताई' म्हणत तुम्ही परत पुस्तकांना पुठ्ठे घालत बसला असता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव मात्र मुद्दाम घेत नाही. आपल्याकडे आभारसुद्धा जपून मानावे लागतात. २००४ साली पुण्यात भांडारकर संस्थेत घुसून पोथ्या फाडल्या, कपाटं उलथवली. निमित्त काय, तर एका परदेशी लेखकानं आपल्या वादग्रस्त पुस्तकात तिथल्या मंडळींचे आभार मानले होते! तेव्हा तुम्ही नुसते आप्पाच बरे. खान्देशात घरटी एक आप्पा असतो, शोधा म्हणावं.

शाळेत काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. माझी लेक नववीत. शाळेच्याच ग्रंथालयातून तिनं एका बाईची आत्मकथा आणली. त्यात पाळी आहे, नवऱ्याचा मार आहे, पाणवठ्यावर जातीवरून ऐकलेल्या शिव्या आहेत. कुणा पालकाची तक्रार गेली आणि पुस्तक ग्रंथालयातून उठून हेडसरांच्या कपाटात कुलपाआड गेलं. पोरीला वर्गात उभं करून 'हे असलं वाचतेस?' विचारलं. असलं म्हणजे कसलं, कोणत्या पानावरचं, ते मी विचारलं तर कुणाला सांगता येईना. तक्रार करणाऱ्यानं वाचलेलं नव्हतं आणि तक्रार ऐकणाऱ्यांनीही नव्हतं. त्या ऑफिसात साने गुरुजींचा फोटो आहे. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या पोरांसाठी स्वतःच्या हातानं 'छात्रालय' दैनिक लिहून काढत. पोरांनी वाचावं म्हणून हा माणूस झोपमोड करायचा! आणि इथं २४ डिसेंबरला त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि कपाटाची किल्ली खिशात ठेवायची.

मग ते पुस्तक लेकीला तुमच्या वाचनालयात मिळालं, आणि 'हे पुस्तक काढा' असं निवेदन घेऊन फिरणारे तिथंही पोचलेच. त्यांच्यातल्या एकानं २०२४ साली अमळनेरच्या साहित्य संमेलनात ग्रंथदिंडीत फेटा बांधून फोटो काढून घेतले होते, ते मी पाहिलेत. त्या दिवशी मी मासिकांच्या टेबलाशी बसले होते. 'आमच्याही घरात आयाबहिणी आहेत' हे भाषण झालं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग त्यांनी विचारलं, 'हे पुस्तक कोण कोण नेतं? नावं दाखवा.'

माझ्या पोटात गोळा आला. देवघेवीचं रजिस्टर तुमच्या पुढ्यात उघडंच होतं आणि माझ्या लेकीचं नाव त्याच पानावर होतं.

तुम्ही काही बोलला नाहीत. पेनाला टोपण लावलं, रजिस्टर मिटलं, पिशवीतून डबा काढला आणि बरोब्बर त्या रजिस्टरवर ठेवून उघडला. कळण्याची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. एक घास खाल्लात आणि अगदी गरिबीनं विचारलंत, 'कोनी वाचं का हाई पुस्तक?'

कुणीच वाचलेलं नव्हतं. तुम्ही जेवत राहिलात. जेवणाऱ्या माणसाच्या पुढचा डबा उचलून रजिस्टर ओढायचं धाडस आपल्या मुलखात अजून तरी कुणाला होत नाही.

पुढचं समितीचं, अर्जाचं मी लिहीत नाही. पुस्तक जागेवर राहिलं, एवढं पुरे. पुस्तक जप्त करायचा अधिकार सरकारला आहे, पण त्यालाही कारणं देऊन राजपत्रात जाहीर करावं लागतं आणि त्यावर दोन महिन्यांत हायकोर्टात जाता येतं. हे मला नंतर तुम्हीच सांगितलंत. सरकारला इतके सोपस्कार, आणि गावातल्या चार जणांना एक निवेदन पुरतं! पण खरं सांगू का, मला पुस्तकापेक्षा त्या नावाचं जास्त वाटतं. पुस्तक काढलं असतं तर कुठून तरी दुसरं मिळवलं असतं. तालुक्याच्या गावात पोरीचं नाव एकदा अशा तोंडात गेलं की ते तिच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत पाठ सोडत नाही.

सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, आणि त्या अनुदानातून तुमच्या हाती काय पडतं, तेही कधी पडतं, हे सगळा गाव जाणतो. पूर्ण वेतनश्रेणीतल्या लोकांनी एका तक्रारीवर कुलूप लावलं आणि तुम्ही त्या तुटपुंज्या मानधनात ठाम राहिलात. अशी माणसं असतात म्हणून चाललंय. संध्याकाळच्या गाडीचा कंडक्टर आमच्या पोरींना थांबा नसताना गल्लीच्या तोंडाशी उतरवून देतो, अंधार पडला तर त्या घरात शिरेपर्यंत गाडी उभी ठेवतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. तुम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

भरिताची वांगी आली आहेत. रविवारी काकूंना घेऊन जेवायला या, कळण्याची भाकर आमच्याकडेही होते. आणि ते पुस्तक अजून आमच्याच घरी आहे. लेकीचं वाचून झालं, आता माझी जाऊ वाचतेय आणि ती सावकाश वाचते. उशिराचा दंड काय होईल तो मी भरीन, पण पावती माझ्या नावानं फाडा.

तुमची,
मासिकांच्या टेबलाजवळची ताई