बरोबरीच्या चिन्हाने बिघडणारं इंग्रजी

संपादक महोदय,

परीक्षा जवळ आल्या की इंग्रजी समानार्थी शब्दांच्या पुस्तिका बाजारात येतात आणि वृत्तपत्रांच्या शैक्षणिक पानांवरही तशाच याद्या छापल्या जातात. ‘वॉक = स्ट्रोल = ट्रज = स्टॅगर’ ही त्यातली नेहमीची ओळ. वस्तूंच्या नावांत असली यादी एक वेळ खपून जाते. चालण्या-फिरण्याच्या आणि हातवाऱ्यांच्या क्रियापदांत ती सरळसरळ चुकीचं इंग्रजी शिकवते, कारण पाय कसा पडतो, वेग किती, चालणाऱ्याचं मन कसं आहे, हे सगळं इंग्रजीने क्रियापदाच्या पोटातच भरलेलं असतं.

स्ट्रोल म्हणजे रमतगमत, मजेत चालणं. जेवणानंतरची शतपावली त्यात चपखल बसते. सॉन्टरचा वेग तोच, पण त्यात बेफिकिरी आहे. तास सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर खिशात हात घालून वर्गात शिरणारा मुलगा सॉन्टर करत येतो, आणि बाईंना राग उशिराचा कमी, त्या चालीचाच जास्त येतो. ट्रजमध्ये मजेचा लवलेश नाही: दमलेली, जड पावलं, पायाखाली बहुधा चिखल, बर्फ नाहीतर चढ. त्यामुळे यादी पाठ केलेला विद्यार्थी ‘जेवण झाल्यावर आम्ही बागेत ट्रज केलं’ असं लिहितो तेव्हा वाचणाऱ्याला सहल नव्हे, शिक्षा दिसते. लिंपमध्ये एक पाय दुखतो म्हणून भार दुसऱ्यावर जातो. हॉबलमध्ये चालणंच कष्टाचं, बहुधा दोन्ही पायांनी खुरडत. स्टंबल म्हणजे ठेच लागणं किंवा अडखळणं, बहुधा क्षणाचं काम. स्टॅगर म्हणजे तोल सांभाळता न येता झोकांड्या खात जाणं, ते गल्लीभर चालू शकतं. दगडाला अडून माणूस स्टंबल होतो, दारू प्यालेला स्टॅगर होतो. क्रीप आणि स्नीक दोन्ही आवाज न करता, पण स्नीकमध्ये मनात काळंबेरं असल्याचा वास येतो. झोपलेल्या बाळाजवळून आई क्रीप करत जाते, स्नीक करत नाही.

दुसरी गफलत वाक्यरचनेची, आणि तिच्याबद्दल पुस्तिकांत एक ओळही नसते. मराठीत दिशा मुख्य क्रियापदात येते आणि चालण्याची रीत ‘-त’ लावून बाजूला बसते: तो लंगडत खोलीत आला. इंग्रजी नेमकं उलट करतं: ‘ही लिंप्ड इंटू द रूम’. रीत क्रियापदात आणि दिशा इंटू, आउट, अक्रॉस, अप अशा चिमुकल्या शब्दांत. लिओनार्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये जगातल्या भाषांची जी विभागणी मांडली, ती याच फरकावर उभी आहे. हे न कळल्याने दोन्ही बाजूंनी चुका होतात. मराठीतून इंग्रजीत जाणारा ‘केम लिंपिंग’ लिहितो. ते चूक नाही, पण पानभर तेच आलं की भाषा मिळमिळीत होते. उलट दिशेने जाणारा नवखा अनुवादक ‘तो खोलीत लंगडला’ लिहून बसतो. त्याचा अर्थ आत आल्यावर लंगडायला लागला असा होतो. इन आणि इंटू यांची अदलाबदल तर रोजचीच: ‘रॅन इन द पार्क’ म्हणजे बागेतच धावला, ‘रॅन इंटू द पार्क’ म्हणजे धावत बागेत शिरला, आणि ‘रॅन इंटू अ फ्रेंड’ म्हणजे मित्र अचानक भेटला.

हावभावांच्या शब्दांत घोटाळा याहून मोठा. नॉड म्हणजे मान वर-खाली, अर्थात होकार किंवा ओळखीची खूण. ‘शुक हिज हेड’ म्हणजे मान डावी-उजवीकडे, अर्थात नकार. आपल्याकडे ‘मान हलवली’ एवढ्यावर भागतं, होकार की नकार ते प्रसंगावरून कळतं. ते शब्दशः उतरवलं की ‘त्याने मान हलवून हो म्हटलं’ हे इंग्रजीत ‘नाही अशी मान हलवत हो म्हटलं’ असं होऊन बसतं. यात शरीराचा अवयव गाळला तर आणखी पंचाईत. नुसतं ‘ही नॉडेड’ चालतं, नुसतं ‘ही श्रग्ड’ही चालतं, कारण नॉड मानेचंच आणि श्रग खांद्यांचंच असतं, पण नुसतं ‘ही शुक’ म्हणजे तो थरथरला. आपली ती दोन्ही बाजूंना डुलणारी ‘बरं, चालेल’वाली मान नॉडमध्येही बसत नाही आणि शेकमध्येही नाही. इंग्रजी लेखक तिला वॉबल किंवा वॅगल म्हणून वेळ मारून नेतात.

विंक एका डोळ्याचं आणि मुद्दाम केलेलं, म्हणजे डोळा मारणं. ब्लिंक दोन्ही डोळ्यांचं, बहुधा आपोआप होणारं. मुलाखतीच्या वर्णनात यांची अदलाबदल झाली तर उमेदवाराची धडगत नाही. बेकन म्हणजे हाताने किंवा बोटाने जवळ बोलावणं. वेव्हमध्ये निरोपही असतो आणि स्वागतही. फ्राउन म्हणजे कपाळाला आठ्या घालणं, मात्र बऱ्याच अमेरिकनांच्या मनात त्या शब्दाने खाली वळलेले ओठ उभे राहतात. जेस्चर एखादी खूण असू शकते. जेस्टिक्युलेट म्हणजे बोलताना जोरजोरात हातवारे करत राहणं. आणि उच्चार ‘जेस्चर’, ‘गेस्चर’ नव्हे.

पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टरने १८५२ मध्ये आपला प्रसिद्ध शब्दसंग्रह छापला तेव्हा त्यात व्याख्या दिल्या नव्हत्या. ज्याला शब्द माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही, त्याच्यासाठी ते पुस्तक होतं. नव्याने शिकणाऱ्याच्या हाती व्याख्या आणि उदाहरणं काढून टाकलेली तसली यादी देणं म्हणजे औषधांची नावं देऊन मात्रा न सांगणं. संगणकावर शब्दावर टिचकी मारून पर्याय निवडणाऱ्यांनाही हेच लागू.

शिक्षकांना एक करता येईल. एका तासाला पाचच क्रियापदं घ्यावीत, त्यांतली दोन अगदी जवळची असावीत. फळ्यापासून दारापर्यंतचं अंतर एका विद्यार्थ्याने प्रत्येक चालीने पार करावं आणि बाकीच्यांनी पूर्ण वाक्य लिहावं, इंटू-अक्रॉससकट. अभिनयात मुलं अतिरेक करतात, स्टंबलचं स्टॅगर होतं; तिथेच थांबवून फरक विचारावा. भूतकाळही त्याच वाक्यात घ्यावा: क्रीपचं क्रेप्ट, स्ट्राइडचं स्ट्रोड, आणि सगळ्यांत फसवं फ्लीचं फ्लेड, पळून गेलेला चोर कित्येक उत्तरपत्रिकांत ‘फ्ल्यू’ होऊन उडून जातो. शिवाय साधं वॉक किंवा गो जिथे पुरतं तिथे तेच राहू द्यावं. अर्जात आणि अहवालात स्ट्रोलची काही गरज नाही.

आपल्या शैक्षणिक पानासाठी विनंती एवढीच, की रोज दहा शब्दांची यादी देण्याऐवजी तीनच शब्द द्यावेत. बरोबरीचं चिन्ह काढून प्रत्येकापुढे एक पूर्ण इंग्रजी वाक्य आणि त्याचं मराठी रूप छापावं. जागा तेवढीच लागेल.

– इंग्रजीची एक शिक्षिका, सातारा